मूळ रूप

सरकारनं २०२१ च्या जुलैत मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला न्यायची, रॅलीला न्यायची, रोज कामाधंद्याला मात्र वापरायची नाही. आणि मुख्य अट ही की गाडी मूळ रूपात जपलेली पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन, कशातच मोठा फेरफार चालत नाही.

मूळ रूप. गेलं वर्षभर हे दोन शब्द माझ्या डोक्यात भिंगरीसारखे फिरतायत. कारण तशी एक गाडी आमच्या घरात आहे आणि ती मी दुरुस्त करतोय.

शहरातले शौकीन लोक ह्या कामाला रिस्टोरेशन म्हणतात. मी मराठीत शब्द शोधला तर 'जीर्णोद्धार' सापडला. तो देवळाचा शब्द. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा दगड वाहायला आमची माणसं होती, कळस चढवताना नव्हती. तो शब्द ज्याचा त्याला लखलाभ. मी दुरुस्ती म्हणतो.

गाडी येझदी, १९७४ ची. अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. किक आणि गियर मिळून एकच दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, खाली आणली की गियर. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ ला बंद पडला. पुढं २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी ही नावं बाजारात परत आली. नावं परत येतात. मुंबईत अजून लोक कमला मिल, फिनिक्स मिल म्हणतात आणि तिथं जेवायला जातात. साचे चालवणारी माणसं कुठं गेली ते कुणी विचारत नाही.

गाडी गावच्या पाटलानं नवी घेतली होती. माझ्या आज्ज्यानं ती एकोणीस वर्षं पुसली. बसला एकदाही नाही. वाड्यात पेट्रोलचं पिंप असायचं. त्यात नळी सोडून तोंडानं ओढा काढायचा आणि धार टाकीत सोडायची, हे काम आज्ज्याचं. कार्बोरेटरचं जेट तुंबलं की तोंडानं फुंकून मोकळं करायचं, तेही त्याचंच. गड्यांनो, इथं मला थांबावंसं वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपलं तोंड लागलं की बाट. म्हणून आपल्याला कमी मजुरीचं रिंगखातं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. सुताला आपली थुंकी चालत नव्हती. पेट्रोलला चालत होती. मीही आज सूतगिरणीत रिंगखात्यातच आहे, कंत्राटी. आता कुणी तोंडाचं विचारत नाही, आधार कार्ड विचारतात. आडनाव त्याच्यावर असतंच.

१९९३ ला गाडी रस्त्यात जाम झाली. पाटील म्हणाले, ह्यानं पेट्रोलमध्ये ऑइल घातलं नाही. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातच मिसळून द्यावं लागतं, न दिलं तर इंजिन कोरडं चालतं आणि संपतं. आज्जा म्हणाला, घातलं होतं. त्याचं कोण ऐकतो? इंजिनाचं नुकसान म्हणून त्याची मजुरी कापली. वाड्यात नवी हिरो होंडा आली, येझदी गोठ्यात गेली. आज्जा दरसाल मजुरी मागत राहिला. दहा वर्षांनी, २००३ ला, पाटील वैतागून म्हणाले, "ने जा ती गाडी, फिटलं तुझं." कागद नाही, चिठ्ठी नाही. आज्ज्यानं आणि बापानं ती ढकलत वस्तीत आणली. मी तेव्हा चार वर्षांचा. मला ती गाडी म्हणून आठवतच नाही. तिच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची, एवढंच.

गेल्या वर्षी मी तिला हात घातला. खात्यातल्या एका फिटरनं पाने दिले आणि दर रविवारी येऊन शिव्याही दिल्या. पुसायला गिरणीतलं कॉटन वेस्ट. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातनं डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस ठेवलं, मग चौथ्या गियरात टाकून मागचं चाक पुढं-मागं, पुढं-मागं. नवव्या दिवशी कट् झालं आणि चाक फिरलं. टाकीत गंजाचे पापुद्रे होते. आई म्हणाली, चिंच घाल, पितळ निघतं तर हे का निघणार नाही. चिंचेचा कोळ आणि बारीक खडी घालून मी आणि बहीण दोघांनी टाकी हलवली. खांदे भरून आले. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली, आतनं ऑइल फिरवलं. चाकांचा आऊट सायकलवाल्याकडं काढला. आतापर्यंत माझा तीन महिन्यांचा पगार ह्यात गेलाय. बाप बोलत नाही, पण मोजतो.

खरी गोष्ट इंजिन खोलल्यावर सुरू झाली.

टू-स्ट्रोक इंजिन पोटानं श्वास घेतं. पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये येते, मग वर सिलिंडरात जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही अंगांची ऑइलसीलं धड पाहिजेत. सील फाटलं की बाहेरची हवा चोरून आत येते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन भट्टीसारखं तापतं आणि पिस्टन फुगून धरतो. ऑइल न घातल्यानं जाम झालेलं इंजिन वेगळं दिसतं. त्यात पिस्टन तर खरवडतोच, पण खाली कनेक्टिंग रॉडचं बेअरिंगही कोरडं जळतं, निळं पडतं.

आमच्या इंजिनात बेअरिंग चकचकीत होतं. एकही निळा डाग नाही. पिस्टन मात्र एक्झॉस्टच्या बाजूला ओरबाडलेला, माथा भाजलेला. आणि डायनॅमोच्या बाजूचं सील लाकडासारखं कडक, मधोमध तडकलेलं. फिटरनं ते हातात धरलं, उजेडाकडं केलं आणि म्हणाला, "ह्येनं मारलं इंजिन. ऑइल व्यवस्थित मिळत हुतं."

मी आज्ज्याला ते सील दाखवलं. तो चौऱ्याऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं. मी ओरडून सांगितलं. त्यानं सील बोटानं चाचपलं आणि म्हणाला, "म्या सांगितलं हुतं की तवाच." एवढंच. मग तंबाखू मळत बसला. तीस वर्षं त्याला पुरावा नको होता. पुरावा मला हवा होता.

ते सील, तो पिस्टन मी टाकून दिलेला नाही. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला, नवी सीलं घातली. जुने तुकडे एका डब्यात आहेत.

आता धाकटे पाटील. पाटलांचा नातू, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. पुण्यात नोकरी करतो, सुट्टीला येतो. गाडी चालू होतेय हे त्याला कळलं आणि तो वस्तीत आला. त्याच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच आमच्या अंगणात खुर्चीवर बसलं. आज्ज्याला 'आजोबा' म्हणाला. पाणीही प्याला. माणूस वाईट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याला गाडी हवी आहे. "आबांची आठवण आहे. तू मूळ रूपात करून दे, खर्च देतो, वर तुझे कष्टाचे देतो. मी व्हिंटेज नोंदणी करतो." मोबाइलमध्ये त्यानं जुना फोटो दाखवला. वाड्यापुढं गाडी, गाडीवर आबा, फेटा बांधलेले. "हुबेहूब अशी."

मी फोटो मोठा करून बघितला. कडेला एक हात दिसतो. हातात फडकं आहे. बाकीचा माणूस फोटोबाहेर.

पण फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. गाडीला मागची सीट नाही. सीट मधोमध कापलेली आणि मागं लोखंडी कॅरियर. आज्ज्याला विचारलं. तो म्हणाला, "खताची पोती न्याया केलं हुतं त्ये. पोतं गाडीव, म्या मागनं पळत. रानात ग्येलं की पोतं उतरायचं माझ्याकडं."

पोतं गाडीवर. आज्जा मागनं पळत.

मी मागचा रंग खरवडला. रंगाखाली बोल्टांची भोकं निघाली, दोन्ही बाजूंना, मागच्या फुटरेस्टांची. मैसूरच्या कामगारानं ही गाडी दोघांसाठी बनवली होती. लांब सीट, मागच्याला पाय ठेवायला जागा. फुटरेस्ट काढून भोकं बुजवली ती इथं, आपल्या गावात. मग सांगा, मूळ रूप कुठलं? कारखान्यातनं निघालं ते, का वाड्यापुढं उभं राहिलं ते? नियम तर कारखान्याच्या बाजूनं बोलतो. कॅरियर हाच फेरफार.

मी कॅरियर कापलं. लांब सीट बसवली. फुटरेस्ट कोल्हापूरच्या जुन्या बाजारात मिळाले. मरून रंग दिला. टाकीवरची सोनेरी रेघ कुठनं कुठं जाते हे मात्र मला कुठंच धड सापडेना. ती आज्ज्यानं सांगितली. डोळे मिटून टाकीवरनं बोट फिरवलं, एकोणीस वर्षं फडकं फिरवलेलं बोट, आणि मी मागोमाग खडूनं खूण करत गेलो. त्याच गाडीबद्दल धाकट्या पाटलाला फोटो माहीत आहे, आज्ज्याला गाडी माहीत आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त चाळीसगावची गोष्ट लिहिलीय. साल १९२९. टांगेवाले अस्पृश्याला नेईनात. वस्तीतल्या माणसांना पाहुण्याला चालत न्यायची लाज वाटली. टांगा भाड्यानं मिळाला, टांगेवाला मिळाला नाही, म्हणून आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्यानं टांगा कधी हाकलाच नव्हता. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. मला त्या हाकणाऱ्याचा विचार नेहमी येतो. त्याला लगाम हातात कुणी धरू दिला होता? आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित कॉलेजविद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. बुलेट चालवतो म्हणून, अशी घरच्यांची तक्रार. वार हातांवर.

गाडी श्रावणात सुरू झाली. सहाव्या किकला. अंगणभर निळसर धूर, कोंबड्या छपरावर. आज्ज्याला आवाज नीट येत नाही, म्हणून त्यानं टाकीवर तळवा ठेवला. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मिसिंग हाय." होतंच. पॉइंटची फट जास्त राहिली होती. फिलर गेजनं ०.४ मिलिमीटर केली, मिसिंग गेलं.

मागच्या सीटवर बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, "कागूद कुणाच्या नावावर हाय?"

कागद मेलेल्या पाटलांच्या नावावर आहे. वारसानं आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर सही करून मला द्यायची. तोवर मी ती रस्त्यावर काढू शकत नाही, विमा उतरवू शकत नाही. फॉर्म मी आणून भरून ठेवलेत, सहीची जागा सोडून. धाकटे पाटील म्हणतात, "सही करतो, पण विकायची झाली तर मलाच." परत म्हणतात, "तुमच्याकडं ती आली कशी, त्याचं काही लिहिलेलं आहे का?"

आमच्याकडं नाही. पण वाड्यात मजुरीच्या वह्या होत्या. आज्जा सांगतो, आठवड्याला अंगठा घ्यायचे. मी १९९३ ची वही मागितलीय. धाकटे पाटील म्हणाले, माळ्यावर असेल, दिवाळीला येईन तेव्हा बघतो. डबा मी तयार ठेवलाय. पिस्टन, सील, आणि त्या फोटोची एक प्रत, हात दिसतो ती.