शिशात उरलेला निळा हिरा

पॅरिसच्या काँकॉर्द चौकात प्रवाशांचे कॅमेरे वळतात ते इजिप्तहून आणलेल्या स्तंभाकडे. उत्तरेच्या अंगाला खांबांच्या ओळीची जी भव्य इमारत आहे, तिथे राज्यक्रांतीच्या वेळी फ्रान्सच्या राजाचा जामदारखाना होता. सप्टेंबर १७९२मध्ये चोर दर्शनी बाजूनेच वर चढले आणि त्यांनी काही रात्रींत तो धुऊन नेला. त्यात पंधराव्या लुईचं १७४९मध्ये घडवलेलं ‘गोल्डन फ्लीस’ पदक होतं. पदकातल्या मोठ्या रत्नांत ही दोन होती: ड्रॅगनच्या आकारात कोरलेली लालडी आणि ६९ कॅरटचा निळा हिरा. हा हिरा ताव्हर्निए या व्यापाऱ्याने हिंदुस्थानातून नेला होता आणि चौदाव्या लुईने तो विकत घेऊन नव्याने पैलू पाडून घेतला होता. लालडी पुढे फ्रान्सला परत मिळाली. ड्रॅगन तसाच असल्यामुळे तिची ओळख पटवावी लागली नाही. हिरा मात्र त्या आकारात पुन्हा कुणाला दिसला नाही.

सीनच्या काठाने पूर्वेकडे गेलं की लूव्र मागे पडतं आणि जार्दें दे प्लांत लागते. तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात २००७मध्ये शिशाची एक प्रतिकृती हाती लागली. दिसायला ओबडधोबड, पण त्यावर पैलू स्पष्ट उमटलेले. माझ्या मते, बदललेल्या रत्नाचा माग काढताना खुद्द रत्नापेक्षा असला दुर्लक्षित पुरावा अधिक खात्रीचा असतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधला ४५.५२ कॅरटचा होप हिरा म्हणजे हाच चोरीचा माल, हा संशय एकोणिसाव्या शतकापासूनचा. १८१२च्या सप्टेंबरात, चोरीला वीस वर्षं उलटताच, लंडनच्या एका जवाहिऱ्याने अशाच निळ्या हिऱ्याची टिपणात नोंद केली होती. अशा गुन्ह्यावर कारवाई करण्याची तेव्हाच्या फ्रेंच कायद्यातली मुदतही वीसच वर्षांची. पण तारखा जुळल्या म्हणजे हिरा जुळला असं नाही. तो जुळवला शिशाने: ती प्रतिकृती चोरीला गेलेल्या हिऱ्याची ठरली आणि होप तिच्या आकारात नेमका मावतो असं दिसलं.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: मोठ्या खड्यात लहान खडा मावणारच, त्याने काय सिद्ध होतं? इथे जाडी कामी येते. होप १२ मिलिमीटर जाड आहे आणि मूळ हिऱ्याची जाडी त्याहून जेमतेम मिलिमीटरभर जास्त. लांबी-रुंदीत ऐसपैस जागा, जाडीत मात्र जवळजवळ नाहीच. अशा अडचणीच्या जागेत भलताच खडा सहजी बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक धारदार: प्रतिकृती त्याच हिऱ्याची कशावरून? होप हिऱ्याला ज्याचं नाव मिळालं, त्या लंडनच्या होपचा उल्लेख संग्रहालयाच्या जुन्या नोंदीत आहे, पण एवढ्यावर मी भरवसा ठेवणार नाही. नोंदीत ऐकीव गोष्टही घुसते. भरवशाचं आहे ते वजन. प्रतिकृतीच्या घनफळावरून निघणारं हिऱ्याचं वजन, ब्रिसाँ या शास्त्रज्ञाने चोरीच्या पाच वर्षं आधी नोंदवलेल्या वजनाशी जुळतं. जुन्या चित्रांत हिऱ्याची दर्शनी बाजू होती. पाठीचे पैलू कळले ते शिशावरूनच.

आता प्रयोगशाळा आहेत, प्रतिकृती कशाला हव्यात, असंही कुणी म्हणेल. प्रयोगशाळा रत्नाची जात सांगते, कधी खाणीचा प्रदेशही सांगते. पण ते कुणाच्या गळ्यात होतं हे तिला कळत नाही. १९ ऑक्टोबर २०२५ला लूव्रमधून चोरीला गेलेल्या आठ दागिन्यांत, नेपोलियनने मारी-लुईझला दिलेला ३२ पाचूंचा आणि १,१३८ हिऱ्यांचा हार आहे. मोठे पाचू त्यांच्या आतल्या रेषा-डागांवरून ओळखता येतील. बारीक हिरे एकदा सुटे झाले की त्यांच्यावर हक्क सांगणं अवघड. आणि दागिना मोडायला चोरच लागतो असंही नाही. याच हाराच्या संचातल्या मुकुटाचे पाचू १९५०च्या दशकात एका जवाहिऱ्याने राजरोस काढून एकेक करून विकले. तो मुकुट आता होपच्याच संग्रहालयात आहे, पाचूंच्या जागी ७९ फिरोजे बसवलेला.