उतारावरची बाग

डोंगरउतारावर बाग करायची म्हणजे आधी जेसीबी लावून जागा सपाट करायची, असं हल्ली बहुतेकांनी धरूनच ठेवलेलं असतं. कोकणात बागा उभ्या करताना मी प्रत्येक मालकाला विनवतो, एक पावसाळा थांबा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत छत्री घेऊन उतारावर उभं राहिलं की जमीन सगळं दाखवते. लाल, गढूळ पाणी धावतं तिथे माती सुटते आहे. पाणी निवळ उतरतं तिथे पाल्यानं आणि मुळांनी तिला धरून ठेवलंय. त्या भागाला मी हात लावत नाही.

आखणीला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. दोन टोकांना दोन माणसं, पाणी सारखं आलं की खुंटी. फक्की मारल्यावर रेषा नागमोडी दिसते आणि मालक म्हणतात, सरळ करा की! सरळ बांधाला कुठे तरी सखल जागा राहते, पाणी तिथे गोळा होतं आणि बांध तिथेच फुटतो.

माती अडवायला मला कोरडा गडगाच हवा. जांभ्याचे मोठे दगड तळाला, लांब बाजू डोंगरात शिरलेली. वरच्या दगडानं खालच्या दोघांचा सांधा झाकायचा, आणि थरागणिक गडगा किंचित आत कलत न्यायचा. चिपा ठोकायच्या त्या मागच्या बाजूनं. पुढून ठोकलेली चीप कालांतरानं निसटते आणि वरचा दगड डुगडुगू लागतो. पाठीमागे हातभर रुंदीत दगडगोटे भरले की पाणी फटींतून झिरपत बाहेर पडतं. सिमेंटच्या भिंतीला भोकं ठेवली नाहीत तर तेच पाणी आत तुंबतं आणि भिंत पुढे झुकते. कोरडा गडगा रचणारे हात आता थोडेच उरलेत. म्हणून प्रत्येक कामावर एखादा तरुण गडी मी जुन्या रचणाऱ्याच्या हाताखाली देतोच.

मजगीचा, म्हणजे गडग्यामागे भरलेल्या पायरीचा, तळ आतल्या अंगाला जरासा उतरता ठेवतो. त्यामुळे जास्तीचं पाणी गडग्यावरून कोसळत नाही, आतल्या चरातून सावकाश पऱ्याकडे जातं. कडेला वाळा लावतो, त्याची मुळं सरळ खोल उतरतात.

झाडांचं म्हणाल तर वर काजू. हापूसला अख्खी मजगी कशाला, प्रत्येक कलमाला अर्धचंद्राकृती ओटा पुरे. ओल टिकते त्या तळाला माड-पोफळी, पोफळीवर मिरी, आणि सावलीच्या कडेला रातांबा.

पहिल्या पावसात नवा गडगा बसतो. एखादा दगड पुढे आलाच तर दिवाळीनंतर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. नवं सामान काही आणावं लागत नाही, दगड तेच.