मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेतील रक्तवाहिनीचित्रण

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांतील विकृतींपैकी सर्वाधिक आढळणारी विकृती म्हणजे दृढतानिकेतील, म्हणजेच रज्जूभोवतीच्या जाड बाह्य आवरणातील, फिस्टुला होय. या विकृतीत मज्जातंतूच्या मुळाजवळची एखादी बारीक रोहिणी, मधल्या केशवाहिन्या टाळून, थेट नीलेला जाऊन मिळते. त्यामुळे रोहिणीचा दाब नीलेत शिरतो, रज्जूतून परतणारे रक्त तुंबते आणि सूज येऊन रज्जू हळूहळू निकामी होऊ लागतो. रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला पुरुष असतो, आणि पायांतील बळ कमी होणे मणक्याच्या चकतीच्या, तर लघवीची तक्रार प्रोस्टेटच्या खाती जमा होत असल्याने निदान अनेकदा दीर्घकाळ लांबते.

लंडनचे केंडल आणि लोग यांनी 1977 मध्ये या जोडणीचे खरे स्थान आवरणात असल्याचे दाखवून दिले. तत्पूर्वी रज्जूच्या पाठीवरील फुगलेल्या, नागमोडी नीलांनाच रोग समजून त्या लांबवर सोलून काढल्या जात. वस्तुतः रज्जूचे स्वतःचे रक्त वाहून नेणाऱ्याही त्याच असल्याने हा उपाय काही वेळा रोगाइतकाच घातक ठरे. आता आवरण भेदून आत शिरणारी एकच नीला तोडणे पुरते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दाबाने लालसर झालेल्या वाहिन्या एकमेकींसारख्याच दिसतात, आणि नेमकी कोणती तोडायची, हा प्रश्न उरतोच.

त्याचे पहिले उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या अँजिओग्राफीतून मिळते. तीत मांडीतील रोहिणीतून सरकवलेल्या बारीक नळीने कण्याच्या दोन्ही बाजूंच्या शाखांत एकामागून एक क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडले जाते. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी, 1882 मध्ये ॲडमकिविझ यांनी वर्णिलेली आणि बहुधा डाव्या बाजूने निघणारी मोठी रोहिणी फिस्टुलाला रक्त पुरवणाऱ्या शाखेतूनच निघत असेल, तर नळीतून गोंद सोडून फिस्टुला बुजवण्यात रज्जूचाच रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी शस्त्रक्रियाच श्रेयस्कर.

दुसरे उत्तर प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या मेजावर मिळते. इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून टोचले असता रक्तातील प्रथिनांना चिकटून वाहिन्यांतच राहते आणि सुमारे 800 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात चमकते. डोळ्यांना न दिसणारी ही चमक सूक्ष्मदर्शकातील कॅमेरा टिपतो. मेंदूतील धमनीविस्फाराच्या शस्त्रक्रियेत या पद्धतीचा वापर 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे ती कण्यापर्यंत आली. येथे वाहिनीच्या रूपापेक्षा तिच्या उजळण्याचा क्रम महत्त्वाचा असतो: निरोगी नीला रोहिणीनंतर काही क्षणांनी उजळते, तर फिस्टुलाची नीला जवळजवळ रोहिणीबरोबरच. संशयित नीलेवर तात्पुरती क्लिप लावून, पहिली चमक ओसरल्यावर रंगद्रव्य पुन्हा टोचले आणि रज्जूवरील नीला आता उशिरा उजळल्या, तर योग्य वाहिनी सापडली असे समजून ती कायमची तोडता येते. यकृत हे द्रव्य लवकर रक्तातून काढून टाकत असल्याने चाचणी त्याच बैठकीत पुन्हा करता येते. आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांत मात्र सावधगिरी लागते.

या चमकीला खोली नसते. हाडाआड, साकळलेल्या रक्ताखाली किंवा रज्जूच्या पुढच्या अंगाला असलेली वाहिनी तिच्यात दिसत नाही. म्हणून रज्जूच्या आत गुंता असलेल्या विकृतींत शस्त्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरण अँजिओग्राफी करावी लागते. रुग्ण पालथा असल्याने मांडीतील नळी त्याला उलटवण्यापूर्वीच बसवून ठेवणे, क्ष-किरण आरपार जाऊ देणारे मेज वापरणे, असा हा मोठा खटाटोप असतो. साध्या दृढतानिकीय फिस्टुलासाठी तो दर वेळी करण्याची गरज नाही. पूर्वीची अँजिओग्राफी पूर्ण झालेली असेल आणि नीला नीट उघडी पडली असेल, तर रंगद्रव्याची चाचणी बहुधा पुरेशी ठरते.

नीला अचूक तोडल्यानंतरही चालण्यात जेवढी सुधारणा होते, तेवढी लघवीवरील नियंत्रणात सहसा होत नाही. म्हणून एमआरआयमध्ये रज्जूला सूज आणि त्याच्या पाठीमागे काळ्या ठिपक्यांची वेडीवाकडी रांग दिसली, तर चकतीवर उपचार सुरू करण्याआधी रुग्णाला अँजिओग्राफीसाठी पाठवावे.