बाबांची पॉलिसी आणि म्युनिकचं कार्ड

‘‘इन्शुरन्स ना? मग आहे की आपला!’’

असं म्हणून बाबा कपाटावरची निळी फाइल काढायला स्टुलावर चढलेसुद्धा. म्युनिकच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, एचआरने कागदपत्रांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी पाठवली होती आणि ओरिजिनल मार्कशीट्स घ्यायला मी वीकेण्डला पुण्याहून पालीला आले होते. (रायगडातलं गणपतीचं पाली नव्हे हं! हे रत्नागिरीजवळचं, कोल्हापूरचा रस्ता गोव्याच्या हायवेला मिळतो ते.) यादीत एक ओळ होती, ‘हेल्थ इन्शुरन्स’.

त्या निळ्या फाइलीला आमच्या घरात इतिहास आहे. मी शाळेत असताना आजी आजारी पडली. तिला कोल्हापूरला न्यावं लागलं आणि आईच्या बांगड्या गहाण पडल्या. त्यानंतर बाबांनी मेडिक्लेम घेतला. दरवर्षी काजूचे पैसे हातात आले की आधी प्रीमियम, मग बाकी सगळं. पंचविशी उलटल्यावर मला त्यांच्या फॅमिली पॉलिसीतून बाहेर पडावं लागलं, तेव्हा माझ्या नावाची वेगळी पॉलिसीही त्यांनीच करून घेतली.

‘‘पाच लाखांची आहे गो. जर्मनीवाल्यांना आणखी काय हवंय?’’

मी बारीक अक्षरं वाचायला घेतली. (खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदाच!) आणि सापडलं. उपचार भारतात घेतले, तरच खर्च मिळणार. झालं! बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. ‘‘म्हणजे इतकी वर्षं...’’ एवढंच म्हणाले. वाटलं, वाचलंच नसतं तर बरं झालं असतं.

तुमच्यापैकी कुणी बाहेर जायच्या तयारीत असेल, तर माझ्या डोक्यातला हा गोंधळ आधीच सोडवून घ्या. आपला नेहमीचा मेडिक्लेम सहसा देशाच्या सीमेवर थांबतो. व्हिसासाठी लागते ती वेगळी पॉलिसी. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसाला किमान ३० हजार युरोंचं कव्हर लागतं. नोकरीच्या व्हिसालाही विमानातून उतरल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचे दिवस झाकावे लागतात. हा विमा भारतातल्या कंपनीकडून घेता येतो. मीही तसाच घेतला आणि व्हिसा मिळाला.

पण ही पॉलिसी दारातून आत सोडते, घरात राहू देत नाही. मुदत ठरलेली, जुने आजार बहुधा वगळलेले, अचानक काही झालं तरच उपयोग. रेसिडन्स परमिटला तिथल्या सरकारी विम्याच्या तोडीचं कव्हर लागतं. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा दुबईला आहे. त्याला वाटलं, हे जर्मनीचंच खूळ. मग त्यालाच आठवलं, दुबईतही २०१३च्या कायद्यानं विमा सक्तीचा झालाय. नोकराचा विमा मालकानं काढायचा, बायकामुलांचा त्यांना स्पॉन्सर करणाऱ्यानं. व्हिसाचं नूतनीकरणही त्याशिवाय होत नाही.

म्युनिकला पोचल्यावर मी ‘क्रांकनकासे’, म्हणजे तिथला सार्वजनिक आरोग्यविमा फंड, निवडला आणि माझा फोटो असलेलं कार्ड घरी आलं. ही व्यवस्था बिस्मार्कच्या काळातली, १८८३च्या कायद्यापासूनची! पगाराच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत १४.६ टक्के आणि वर फंडाची जादा वर्गणी. अर्धं कंपनी भरते, अर्धं आपण. पहिली पे-स्लिप पाहून माझे डोळे पांढरे झाले. पण कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं त्यातच फुकट येतात, हे कळल्यावर मी हुरळून विचारलं, ‘‘आणि आई-बाबा?’’

काउंटरवरच्या बाईंनी हसून मान हलवली. नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. बाबांनी त्यांच्या पॉलिसीत मला पंचविशीपर्यंत सांभाळलं. माझ्या नव्या कार्डात मात्र त्यांना जागाच नाही. ते मला भेटायला आले, तर पुन्हा तोच ३० हजार युरोंचा प्रवास विमा काढायचा. त्यात बाबांचं बीपी झाकलंय की नाही, हे आता मी भिंग लावून वाचणार!

फोनवर बाबांनी हळूच विचारलं, ‘‘मग तुझी इथली बंद करू? उगाच पैसे कशाला?’’

तुम्हालाही हा मोह होईल. करू नका. जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड २०२४च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. सलग पाच वर्षं प्रीमियम भरला, की फसवणुकीचा प्रकार सोडता कंपनीला ‘तुम्ही आधी सांगितलं नव्हतं’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी तोडली, की ही सगळी कमाई शून्यावर. उद्या नोकरी गेली, मन भरलं किंवा घरी कुणी आजारी पडलं, तर परत आल्यावर पुन्हा श्रीगणेशा. तेव्हा परदेशी राहायला गेल्याचं कंपनीला लेखी कळवा, नियम विचारून घ्या आणि पॉलिसी चालू ठेवा.

मे महिन्यात मी ऐटीत फोन केला. ‘‘बाबा, यंदा तिघांचाही प्रीमियम मी भरणार.’’

‘‘भरला गो. काजूचे पैसे आले परवाच.’’

‘‘अहो, माझा तरी राहू द्यायचा!’’

‘‘तुझाच आधी भरला. तिकडचं कार्ड तिकडे. तू परत आलीस तर इथलं चालू नको?’’