जयलक्ष्मीपुरमची सुरेल सकाळ

म्हैसूरला आलेला प्रवासी राजवाडा नि चामुंडी टेकडी पाहून परततो. त्याने जयलक्ष्मीपुरममध्येही एक सकाळ काढावी. दारोदारी रांगोळी, कॉफीचा दरवळ आणि एखाद्या घरातून मुलांचे सूर! शाळेत संगीताच्या तासाला आपण बिलावलचे शुद्ध स्वर घोटले. इथे पहिला धडा मायामाळवगौळचा, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांचा. ही पद्धत पुरंदरदासांनी घालून दिली, असं मानतात. मिरजेचे अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारी गात. कर्नाटकी सरगमचा ठसा त्यांच्या गायकीवर उमटला. गवई होण्याचं माझं शाळकरी स्वप्न संसाराच्या धबडग्यात केव्हाच मागे पडलं होतं. तो कोमल रिषभ ऐकून मात्र पाय थबकले. घरी परतल्यावर पहिलं काम केलं, माळ्यावरची पेटी खाली काढली.