झरोका

आमच्या यवतमाळास थंडी पडते, असे सांगितले म्हणजे मुंबईकर पाहुणे सौजन्याने हसतात. येथल्या उन्हाळ्याची कीर्तीच एवढी, की थंडीकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु पौषात उत्तरेचा वारा कवेलूंच्या सांध्यांतून व उंबऱ्याखालून शिरू लागला म्हणजे जुन्या घरांतून फटी बुजविण्याची एकच घाई उडते.

आमच्या आत्याबाई या कामी मोठ्या कडक. त्यांची चूल पऱ्हाट्यांवर चाले. कापसाच्या या मुलखात ते हक्काचेच सरपण. चुलीभोवती एकही भेग त्यांना खपत नसे. नुसती माती तापली की आक्रसते व फाटते. म्हणून त्या तीत शेण व भुसा कालवीत, आणि पहिला थर वाळून तडकला की त्यावर पातळसा दुसरा हात देत. वरच्या अंगाचा हातभर झरोका मात्र त्यांनी ऐन कडाक्यातही कोणास झाकू दिला नाही. आम्हां कुडकुडणाऱ्या मुलांना तो निव्वळ जुलूम वाटे.

विस्तवाला हवा लागते, आणि ती तो घरातूनच ओढतो. विलायतेतील उघड्या शेकोट्यांचे दुखणे हेच. धुराड्यातून खोलीची ऊब वर निघून जाई आणि तिची जागा भरावयास फटींतून गार वारा आत येई. काउंट रम्फर्ड याने १७९६ साली धुराड्याचा गळा अरुंद करण्याचा उपाय सांगितला. पुढे त्या कोनाड्यांत बंद लोखंडी शेगड्या बसल्या. लोखंड व भिंत यांमधील फट न जळणाऱ्या दगडी लोकरीने बुजवितात. आमच्या शेजारी, वर्ध्यास, १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतून धुराड्याची 'मगन चूल' निघाली. तिचेही यश सांधे लिंपण्यावरच अवलंबून असे.

हे सर्व धुराचे झाले. धूर निदान डोळ्यांना पाणी आणून सावध करतो. निखारा तेवढाही प्रामाणिक नाही. आमच्या बहिणीच्या बाळंतपणात खोलीच्या खिडकीवर गोधड्या टांगून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. दुपारी ती डोके दुखते म्हणाली आणि पेंगू लागली. अशक्तपणा असेल, असे सर्वांचे मत पडले. आत्याबाई आत आल्या, एक शब्द न बोलता त्यांनी गोधड्या ओढून काढल्या, शेगडी अंगणात नेली आणि बाळास उचलून ओसरीवर आणले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. यातले काही त्यांच्या कानांवर गेले नव्हते. मायलेकरे संध्याकाळपर्यंत सावरली.

आता स्वयंपाक गॅसवर होतो. झरोका आहे तेथेच आहे. चिमण्या त्यात काड्या आणून टाकतात आणि सूनबाई कुरकुरतात. जाळी लावावयास आमची हरकत नाही. काच मात्र आम्ही बसवू देणार नाही.