आठ फुटांचा माठ

आमच्या घरातली मोठी खरेदी नेहमी एखाद्या किरकोळ वाक्यामुळे होते. गेल्या दिवाळीनंतर अण्णांचे, म्हणजे आमच्या तीर्थरूपांचे, गुडघे फारच कुरकुर करू लागले. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "आजोबांना कोमट पाण्यात चालवा. पाण्यात वजन हलकं होतं, गुडघ्यावर भार येत नाही."

एवढंच वाक्य. पण अण्णांचा चेहरा असा उजळला, की त्यांना पेन्शनचा फरकच मिळाला असावा.

अण्णा म्हणजे गावाकडचे पट्टीचे पोहणारे. विहिरीच्या काठावरून असा मुटका मारायचे, की पाणी पार वरच्या पायरीवर यायचं. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. त्यांच्या कारकिर्दीत बुडीत खातं एकच, ते म्हणजे मी. चौथीत असताना त्यांनी मला बिंडा बांधून विहिरीत उतरवलं आणि "सोडतो हं" म्हणून हात सोडला. त्यानंतर मी बादलीपेक्षा मोठ्या पाण्याशी व्यवहार ठेवलेला नाही.

पोहण्याच्या तलावावर नेलं, तर तिथली उभी लोखंडी शिडी पाहूनच अण्णा म्हणाले, "चल घरी." मग चिरंजीवांनी मोबाईलवर शोध लावला. तात्पुरता जलतरण तलाव! नळ्या जोडायच्या, प्लास्टिकचं कापड ताणायचं, पाणी भरायचं. आठ फूट व्यास, अडीच फूट उंची. खोक्यावरच्या चित्रात एक गोरं कुटुंब पाचजणांसह त्यात हसत होतं. पैसे भरल्यानंतर आठ दिवसांनी मला कळलं, की ते हलायला जागा नाही म्हणून हसत असावेत.

माझा बेत गच्चीचा होता. शेजारचे निवृत्त इंजिनियर काका जिना चढून आले आणि म्हणाले, "दोन फुटांच्या वर पाणी, म्हणजे तीन हजार लिटर. म्हणजे तीन टन. गच्ची धरतात चौरस मीटरला दीडशे किलो, तुम्ही ठेवताय सहाशेच्या वर. पोहायला वर जाल, पण बाहेर याल ते दिवाणखान्यात."

मंजूर मर्यादेच्या चौपट उचल म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तलाव अंगणात आला. त्यासाठी सौ.चा पुदिना आणि अळूचा वाफा कामी आला, त्याबद्दल ती अजून बोलते. मी इथे बोलत नाही.

आता नाशिकची थंडी. आम्हा नाशिककरांना निफाडचा पारा किती उतरला हे चहाआधी वाचायची सवय. अण्णा म्हणाले, "बोअरचं पाणी भर. थंडीत विहिरीचं पाणी ऊन असतं. जमिनीच्या पोटात ऋतू पोचत नाहीत." शनिवारी संध्याकाळी भरलं. थर्मामीटर 26 अंश! अण्णांनी कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, "उद्या उतरतो." त्या रात्री त्यांनी जुना लंगोट शोधला. तो सापडला नाही ही देवाची कृपा.

सकाळी थर्मामीटर 21 वर! एका रात्रीत पाच अंश. मी बँकेत पंचवीसेक वर्षं घसारा पाहतोय, पण इतक्या वेगाने कुठलीच मालमत्ता घसरलेली पाहिली नाही.

मी बी.कॉम. झालेला माणूस. कागद घेऊन बसलो. तीन हजार लिटर, 21 चे 30 करायचे, म्हणजे 27 हजार किलोकॅलरी. एका युनिटात 860 मिळतात. म्हणजे 31 युनिट, आणि दीड किलोवॉटचा पाणी तापवायचा रॉड 21 तास. तेही मधल्या काळात पाणी निवलं नाही असं धरून! म्हणजे व्याज भरत राहायचं आणि मुद्दल तसंच. शिवाय चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्लास्टिकला रॉड लागला तर भोक पडेल. आणि कुणी विसरून पाण्यात हात घातला, तर..." रॉड परत माळ्यावर गेला.

पाणी एवढं गार होतं कसं? काका म्हणाले, "माठ कसा गार होतो? वाफेने. एक लिटर पाणी उडून गेलं, की जाताना 580 किलोकॅलरी घेऊन जातं. तुमचं पाच लिटर उडालं की सगळा तलाव एक अंशाने उतरला. तुम्ही तलाव नाही, आठ फुटांचा माठ आणलाय."

उपाय? झाकण. आणि झाकण घरातच होतं! तलाव ज्या फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला, ते पाण्यावर फुगे खाली करून पसरायचं. ऊन आत जातं, वाफ बाहेर येत नाही. अडचण एकच, आमच्या घरातल्या चौघांनी तोवर फुगे फोडायला सुरुवात केली होती. त्यात मीही होतो. उरलेलं चिकटपट्टीने जोडलं, खाली थर्माकोल सरकवताना तलाव एकदा अर्धा रिकामा करून पुन्हा भरला, आणि आठवडाभर ऊन जमा होऊ दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता 26. सोलरची दोनशे लिटरची टाकी त्यात सोडली. माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून पेटवला आणि सात बादल्या ओतल्या. थर्मामीटर 30!

अण्णा टॉवेल गुंडाळून आले. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात उभे. अण्णांनी तलावाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"आत कसा जाऊ?"

अडीच फुटांची भिंत. कॅलरीपर्यंत हिशेब केला, पण ज्याचा गुडघा वाकत नाही तो माणूस ती ओलांडणार कशी, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तलावाबरोबर शिडी आली होती, ती हुबेहूब त्या लोखंडी शिडीची धाकटी बहीण.

सौ.ने देवघरातला चौरंग आणला, त्यावर पाट, पुढे दिवाणाची उशी. बाहेरून चिरंजीव धरणार. आतून धरायला मात्र कुणीतरी आत हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पायजमा वर खोचून आत उतरलो. पाणी मांडीपर्यंत आलं आणि चौथीतली विहीर आठवली. अण्णा हळूहळू चौरंगावर, पाटावर, आणि मग एक मोठा उसासा सोडून पाण्यात. गुडघा कुरकुरला नाही. ते सरळ उभे राहिले, गेल्या वर्षभरात इतके सरळ मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"चल," म्हणाले, "फेरी मारू."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"अरे, मला दुखतोय हात. पाय टेक, दोनच फूट आहे."

"हो," मी म्हणालो, "पण सोडू नका हं, अण्णा."

अर्ध्या तासाने थर्मामीटर 29 झाला होता. सौ. आठवी बादली घेऊन आली, तरी आम्ही दोघे गोल गोल फिरतच होतो.